गाडी एक, घड्याळे दोन: अमेरिकेत जोडीने ट्रक चालवणाऱ्या नवख्यांसाठी वेळेचे आणि तपासणीचे नियम

अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या मालवाहतुकीत 'टीम ड्रायव्हिंग' ही पद्धत चांगली रुळलेली आहे. एका ट्रकवर व्यावसायिक परवाना असलेले दोन चालक असतात. एक चालवत असताना दुसरा केबिनच्या मागच्या बंकवर झोपतो आणि पाळी संपली की दोघे जागा बदलतात. कॅलिफोर्नियात भरलेला माल न्यू जर्सीत पोहोचवायला एकट्या चालकाला साधारण पाच दिवस लागतात, जोडीला त्याच्या निम्मा वेळ पुरतो. यात नवरा-बायकोच्या जोड्याही पुष्कळ असतात.

आपल्याकडे ट्रकवर चालकाबरोबर क्लीनर असतो, त्यामुळे 'दुसरा माणूस' म्हटले की मदतनीस डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेतील जोडीत मदतनीस कोणीच नसतो. दोघेही पूर्ण चालक असतात, दोघांची नोंदवही स्वतंत्र असते आणि दोघांच्या ड्युटीचे घड्याळ स्वतंत्र चालते. नवख्या जोड्यांच्या बहुतेक चुका याच ठिकाणी होतात. 'गाडी चालू आहे, आपण दोघे आहोत, म्हणजे वेळ भरपूर आहे' असे त्यांना वाटते, आणि तिसऱ्या दिवशी दोघांचेही तास एकाच वेळी संपून गाडी मैलोन् मैल वस्ती नसलेल्या ठिकाणी उभी राहते. पुढील माहिती आंतरराज्य मालवाहतुकीच्या संघराज्य नियमांबद्दल आहे. हे नियम फेडरल मोटर कॅरियर सेफ्टी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ही संस्था ठरवते. एकाच राज्यात चालणाऱ्या वाहतुकीचे नियम राज्याराज्यांत वेगळे असू शकतात.

पहिली पायरी: चार ओळी ओळखा

चालकाच्या नोंदवहीत दिवसाचे चोवीस तास चार ओळींत विभागलेले असतात: ऑफ ड्युटी, स्लीपर बर्थ (बंकवरची विश्रांती), ड्रायव्हिंग आणि ऑन ड्युटी, म्हणजे कामावर असूनही न चालवण्याचा वेळ. पहिल्या तीन ओळी सहज समजतात. गोंधळ चौथीत होतो. गाडीची तपासणी, डिझेल भरणे, माल चढवणे-उतरवणे किंवा त्यावर देखरेख ठेवणे, बिघडलेल्या गाडीजवळ थांबणे, अमली पदार्थांच्या चाचणीसाठी नमुना द्यायला जाणे, हे सारे ऑन ड्युटीत येते. दुसऱ्या कोणाकडे पगारी काम केले असेल, मग ते दुकानात गल्ल्यावर बसण्याचे का असेना, तेही येथेच लिहावे लागते.

जोडीसाठी यातला महत्त्वाचा भाग असा की चालत्या ट्रकच्या पुढच्या सीटवर नुसते बसणे हेदेखील मुळात ऑन ड्युटीच धरले जाते. त्याला एक अपवाद आहे आणि तो पुढे सविस्तर येईल.

दुसरी पायरी: प्रत्येकाचे स्वतःचे हिशेब

सलग १० तासांची विश्रांती झाल्यावर चालकाला जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते. हे ११ तास कामावर रुजू झाल्यापासून १४ तासांच्या आत संपवावे लागतात, आणि हे १४ तासांचे घड्याळ जेवणासाठी थांबल्याने किंवा गोदामाच्या दारात ताटकळल्याने थांबत नाही. चौदा तास उलटल्यावर इतर काम करता येते, पण स्टिअरिंगला हात लावता येत नाही. एकूण ८ तास चालवून झाले असतील आणि मध्ये सलग ३० मिनिटांचा खंड पडलेला नसेल, तर तो घेतल्याशिवाय पुढे चालवता येत नाही. २९ सप्टेंबर २०२० पासून लागू झालेल्या सुधारणेनुसार हा खंड ऑन ड्युटी असतानाही चालतो. म्हणजे डिझेल भरण्यात आणि काचा पुसण्यात सलग अर्धा तास गेला तरी नियम पाळला जातो.

याच्या वर आठवड्याची मर्यादा आहे. ज्या कंपनीच्या गाड्या आठवड्याचे सातही दिवस चालतात तिच्या चालकाला सलग ८ दिवसांत एकूण ७० तास कामावर झाल्यानंतर गाडी चालवता येत नाही. इतर कंपन्यांना ७ दिवसांत ६० तासांची मर्यादा असते. या बेरजेत चालवण्याचे आणि चौथ्या ओळीतले, असे दोन्ही तास धरतात. सलग ३४ तास विश्रांती घेतली की ही बेरीज पुन्हा शून्यापासून सुरू होते.

जोडीच्या बाबतीत ही ७० तासांची मर्यादाच लवकर आडवी येते. रोज १० तास चालवणे आणि तासभर इतर काम असे धरले तर सहा दिवसांत ६६ तास होतात आणि सातव्या दिवशी हाती अवघे चार तास उरतात. दोघांनी एकाच दिवशी काम सुरू केलेले असते, त्यामुळे दोघांचेही चार-चार तासच उरतात. म्हणून पाचव्या दिवसापासूनच डिस्पॅचरला, म्हणजे कंपनीत फेऱ्या आखणाऱ्याला, दोघांचे शिल्लक तास वेगवेगळे कळवत जावे आणि ३४ तासांचा मुक्काम कुठे करायचा ते आधी ठरवावे. स्नानगृह, धुलाईयंत्र आणि धड जेवण मिळेल असा ट्रक स्टॉप शनिवारी संध्याकाळी शोधायला लागलो तर पार्किंगला जागा मिळत नाही, हा सगळ्यांचाच अनुभव आहे.

तिसरी पायरी: पुढच्या सीटचे तीन तास

आता तो अपवाद. बंकवर सलग किमान ७ तास घेतले असतील, तर त्याच्या लगेच आधीचे किंवा लगेच नंतरचे, चालत्या गाडीच्या पुढच्या सीटवरचे जास्तीत जास्त ३ तास विश्रांती म्हणून धरले जातात. सात आणि तीन मिळून दहा तासांची सलग विश्रांती पूर्ण होते. २०२० च्या सुधारणेपूर्वी हे प्रमाण आठ आणि दोन असे होते, त्यामुळे जुने चालक अजून तेच सांगतात.

या नियमात दोन अटी दडलेल्या आहेत. सात तास बंकवरचेच हवेत आणि ते सलग हवेत. मध्ये उठून वीस मिनिटे डिझेल भरायला मदत केली की सात तासांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. दुसरी अट 'लगेच' या शब्दात आहे: सीटवरचा वेळ आणि बंकवरचा वेळ यांच्यात तिसरे काही येता कामा नये.

हे एका फेरीवर मांडून पाहू. समजा, नवरा-बायकोची जोडी कॅलिफोर्नियातील ऑन्टारिओहून निघणार आहे. नवरा रात्रीची दहा तासांची विश्रांती संपवून पहाटे ४ ला उठतो आणि ५:३० पर्यंत माल भरून घेतो. बायको ५:३० ला कामावर येते, अर्धा तास गाडी तपासते आणि ६ ला निघते. मध्ये डिझेलसाठी अर्धा तास थांबून ती संध्याकाळी ४:३० पर्यंत १० तास चालवते. बार्स्टो, फ्लॅगस्टाफ मागे टाकून गाडी इंटरस्टेट ४० वर अ‍ॅरिझोनातील होलब्रुकच्या आसपास आलेली असते. आता नवऱ्याची पाळी.

तो ६ वाजताच बंकवर गेला असेल आणि ४:३० पर्यंत तिथेच राहिला असेल, तर त्याला साडेदहा तासांची विश्रांती मिळाली, आणि त्याच्यापुढे पूर्ण ११ तास आहेत. तो ६ ते ९ पुढच्या सीटवर बसून मग ४:३० पर्यंत झोपला असेल तरीही काही बिघडलेले नाही. पण सकाळ छान आहे, मोहावेचे वाळवंट पाहण्यासारखे आहे, म्हणून तो १०:३० पर्यंत सीटवर बसला आणि मग बंकवर गेला, तर ४:३० पर्यंत त्याचे बंकवर सहाच तास होतात. सात तासांची अट मोडली म्हणून सीटवरचे सगळे साडेचार तास ऑन ड्युटी ठरतात, आणि त्याचे चौदा तासांचे घड्याळ पहाटे ४ पासून अखंड चालू राहिलेले असते. ते संध्याकाळी ६ ला संपणार, म्हणजे त्याला फक्त दीड तास चालवता येईल. बायकोच्या अकरा तासांपैकी एकच तास शिल्लक आहे आणि तिचे चौदा तास ७:३० ला संपतात. दोघांनी मिळून ओढाताण केली तरी गाडी ७ च्या सुमारास उभी करावी लागेल, आणि ती पुढचे कित्येक तास हलणार नाही. हे सगळे दीड तासाच्या गप्पांमुळे झाले. आपल्या माणसाशेजारी बसावेसे वाटणे साहजिकच आहे. ते तीन तासांत भागवावे.

चौथी पायरी: पाळी किती तासांची ठेवावी

नवी जोडी बहुधा चार-चार किंवा पाच-पाच तासांनी बदली करू लागते, कारण कोणीच फार थकू नये असे वाटते. नियमाच्या हिशेबाने हा सर्वांत वाईट पर्याय आहे. पाच तासांच्या झोपेने कोणतेच घड्याळ थांबत नाही आणि चौदा तासांनी दोघेही एकदमच अडकतात.

आठ-आठ तासांची पाळीही दिसते तितकी सोपी नाही. विश्रांती दोन भागांत विभागण्याची सवलत आहे: एक भाग बंकवर सलग किमान ७ तासांचा, दुसरा किमान २ तासांचा, आणि दोन्हींची बेरीज किमान १०. सात असतील तर दुसरा भाग तीनचा, आठ असतील तर दोनचा. कोणता भाग आधी घ्यावा याला बंधन नाही, आणि दुसरा भागही पुरा झाला की दोन्ही भाग चौदा तासांतून वगळले जातात. मात्र नव्या तासांची मोजणी पहिला भाग संपल्यापासून होते. उदाहरणार्थ, एखादा चालक आठ तास झोपला, मग सहा तास चालवले आणि मग दोन तास थांबला, तर त्याला नवे अकरा तास मिळत नाहीत. सहा वजा होऊन पाच उरतात. आणि आठ तास चालवून आठ तास झोपणाऱ्या चालकाला, दोन तासांचा तुकडा घेतलेला नसल्यास, उठल्यावर तीनच तास चालवता येते. ही सवलत उपयोगी आहे, पण हिशेब हातचा मळ होईपर्यंत तिच्यावर रोजची फेरी आखू नये.

पहिले काही महिने बारा-बारा तासांची पाळी ठेवावी, असे माझे मत आहे. त्यात जास्तीत जास्त ११ तास चालवणे, उरलेला तास तपासणी आणि डिझेलसाठी, आणि समोरच्याला सलग बारा तास मोकळे. दहा तासांची विश्रांती आपोआप पूर्ण होते. दहा-दहाच्या पाळीत झोपेची वेळ रोज मागे सरकते. बारा-बाराच्या पाळीत प्रत्येकाला रोज तीच वेळ मिळते, आणि शरीराला रात्रपाळीची का होईना, सवय लागते. रात्री कोणी चालवायचे हे निघण्यापूर्वीच ठरवावे. पहाटे तीनला वायोमिंगच्या वाऱ्यात त्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

पाचवी पायरी: ईएलडीमध्ये दोघांची नावे

१८ डिसेंबर २०१७ पासून बहुतेक चालकांना कागदी नोंदवहीऐवजी इलेक्ट्रॉनिक लॉगिंग डिव्हाइस, म्हणजे ईएलडी, वापरणे बंधनकारक झाले. हे यंत्र इंजिनाला जोडलेले असते आणि गाडीचा वेग ताशी ५ मैलांवर गेला की ती चालू असल्याचे स्वतःच नोंदवते. गाडी पाच मिनिटे थांबून राहिली तर ते चालकाला विचारते आणि मिनिटभरात उत्तर न मिळाल्यास त्याला ऑन ड्युटीवर टाकते. जेवायला उतरताना ऑफ ड्युटी करायला विसरल्यास तो वेळ सत्तर तासांत मोजला जातो.

जोडीने निघण्यापूर्वी दोघांनी आपापल्या नावाने लॉगिन करावे आणि एकमेकांची सहचालक म्हणून नोंद झाली आहे याची खात्री करून घ्यावी. सहचालकाला गाडी चालू असतानाही स्वतःच्या नोंदीत लिहिता येते, पण चालकाची भूमिका एकाकडून दुसऱ्याकडे द्यायची तर गाडी थांबलेलीच असावी लागते. कोणीच लॉगिन न करता गाडी हलवली तर ते मैल 'अनोळखी चालक' म्हणून साठतात आणि पुढे कोणाचे ते सांगावे लागते.

जागा बदलल्या पण पडद्यावरची नावे बदलली नाहीत, ही चूक प्रत्येक जोडीच्या हातून एकदा तरी होते. यंत्राने आपोआप नोंदवलेला चालवण्याचा वेळ एरवी कमी करता येत नाही किंवा दुसऱ्याच्या नावावर टाकता येत नाही. मात्र एकमेकांचे सहचालक म्हणून नोंदलेल्या जोडीला तो वेळ आपसात बदलता येतो; त्यासाठी दोघांनीही आपापल्या नोंदीत ती दुरुस्ती मान्य करावी लागते. ज्याच्या नावावर चुकून तास गेले तो झोपलेला असेल तर तो उठेपर्यंत थांबावे. त्याचा पासवर्ड वापरून स्वतःच मान्य करून टाकणे ही खोटी नोंद ठरते.

यंत्र बिघडले तर चालकाने २४ तासांच्या आत कंपनीला लेखी कळवावे आणि कागदी तक्त्यावर नोंद सुरू करावी. चालू दिवस आणि मागचे सात दिवस यंत्रातून मिळत नसतील तर तेही लिहून काढावे लागतात. कंपनीला दुरुस्तीसाठी ८ दिवस असतात. म्हणून किमान आठ दिवस पुरतील इतके कोरे तक्ते, यंत्राची माहितीपुस्तिका आणि माहिती अधिकाऱ्याकडे कशी पाठवायची याची सूचनापत्रिका केबिनमध्ये ठेवणे आवश्यक आहे. तक्ते दोन चालकांना लागतात, तेव्हा दुप्पट ठेवावेत. आणखी एक बारकावा: नोंदी नेहमी चालकाच्या मूळ ठाण्याच्या वेळेनुसार ठेवतात. गाडी चार कालपट्टे ओलांडत असताना मोबाइलवरचे घड्याळ पाहून तास मोजले तर हिशेब हमखास चुकतो.

सहावी पायरी: बदलीची वीस मिनिटे

वर सांगितलेले बरेचसे नियम बदलीच्या वेळी एकत्र येतात, म्हणून तिचा क्रम ठरवून घ्यावा. गाडी ट्रक स्टॉपवर किंवा विश्रांतीस्थळी लावावी. महामार्गाच्या कडेला किंवा रॅम्पवर बदली करू नये. येणाऱ्या चालकाने आधी ऑन ड्युटी व्हावे, खाली उतरून गाडीभोवती फिरावे, माल बघावा आणि मग चालकाची भूमिका घ्यावी. जाणाऱ्याने त्याला तोंडी सांगावे: गाडी कुठल्या बाजूला ओढते आहे का, ब्रेक कसे लागत आहेत, पुढे वजनकाटा कुठे आहे, मालाच्या तापमानाची काय स्थिती आहे. मग त्याने स्लीपरची नोंद करून बंकवर जावे. गाडी सुटण्यापूर्वी पडद्यावर चालकाच्या जागी कोणाचे नाव आहे ते मोठ्याने वाचावे. हास्यास्पद वाटते, पण वर सांगितलेली दुरुस्तीची कटकट त्याने टळते.

मालाची तपासणी येथेच का, तर नियमच तसा आहे. माल नीट बांधला आहे का हे निघण्यापूर्वी पाहावे लागते, मग पहिल्या ५० मैलांच्या आत पुन्हा, आणि त्यानंतर चालकाची ड्युटी बदलेल तेव्हा, किंवा ३ तास झाल्यावर, किंवा १५० मैल झाल्यावर, यांपैकी जे आधी येईल तेव्हा. बदली म्हणजे ड्युटीतला बदल, म्हणून माल पाहणे आले. ट्रेलरला सील असेल आणि तो उघडू नये असा आदेश असेल, तर ही सक्ती लागू होत नाही. पण सील शाबूत आहे का आणि त्याचा क्रमांक कागदाशी जुळतो का, हे पाहायला कोणी मनाई केलेली नाही.

सातवी पायरी: गाडीची तपासणी

गाडी सुरक्षित स्थितीत असल्याची खात्री पटल्याशिवाय चालकाने ती चालवू नये, असा नियम आहे. 'माझ्या जोडीदाराने सकाळी पाहिली होती' हे उत्तर मधल्या अपघातानंतर टिकत नाही. सकाळची तपासणी पूर्ण करावी, बदलीच्या वेळी निदान टायर, दिवे, हवेच्या नळ्या आणि जोडणी एवढे तरी पाहावे.

टायरपासून सुरुवात करावी. पुढच्या चाकांच्या टायरची नक्षी किमान ४/३२ इंच, बाकीच्यांची २/३२ इंच खोल असावी लागते. नटांभोवती गंजाचे ओघळ दिसले तर नट सैल झाल्याची शंका घ्यावी. फिफ्थ व्हील (ट्रेलर ज्यावर टेकतो आणि अडकतो ती ट्रकवरची चकती) आणि ट्रेलर यांच्यात फट दिसता कामा नये, आणि टॉर्च मारून आत पाहावे: जबड्याने किंगपिनचा, म्हणजे ट्रेलरखालच्या खुंटीचा, दांडा पकडलेला असावा, खालचे टोक नव्हे. हवेच्या ब्रेकची चाचणी करताना चाकांना आडण लावून, इंजिन बंद करून, ब्रेक सोडलेले ठेवून ट्रॅक्टर-ट्रेलरमध्ये (ट्रॅक्टर म्हणजे ट्रकचा पुढचा, इंजिनाचा भाग) मिनिटाला ३ पीएसआयपेक्षा (पीएसआय हे दाबाचे एकक) जास्त हवा कमी होऊ नये. पेडल दाबून धरल्यावर ४ पीएसआयपेक्षा जास्त होऊ नये. हवा कमी असल्याचा इशारा ५५ पीएसआयच्या खाली जाण्याआधी वाजायला हवा. अग्निशामक, तीन परावर्तक त्रिकोण आणि फ्यूजची गरज असलेल्या गाडीत जादा फ्यूज, एवढे आपत्कालीन साहित्य लागते.

दिवसाचे काम संपल्यावर गाडीत दोष आढळला असेल तर डीव्हीआयआर, म्हणजे चालकाने द्यायचा गाडीच्या तपासणीचा अहवाल, लिहावा लागतो. त्यात ब्रेक, पार्किंग ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, टायर, हॉर्न, वायपर, आरसे, जोडणीचे भाग, चाके आणि आपत्कालीन साहित्य यांचा समावेश होतो. मालवाहू गाडीत एकही दोष नसेल तर २०१४ च्या डिसेंबरपासून संघराज्य नियमानुसार अहवाल देण्याची सक्ती नाही, पण अनेक कंपन्या तरीही तो मागतात. जोडीसाठी खास तरतूद अशी की दोघांचे दोषांबाबत एकमत असेल तर एकाची सही पुरते. याचा अर्थ झोपलेल्या जोडीदाराच्या वतीने परस्पर सही करावी असा नाही; तो उठला की त्याला अहवाल दाखवावा. पुढच्या फेरीपूर्वी मागचा अहवाल वाचून, दुरुस्ती झाल्याची नोंद पाहून सही करणे हेही चालकाचेच काम आहे.

ट्रॅक्टर आणि ट्रेलर या दोन्हींची वार्षिक तपासणी १२ महिन्यांच्या आत झालेली असावी लागते आणि तिचा पुरावा गाडीवर असावा लागतो. ट्रेलर दर फेरीला बदलतो, म्हणून त्याचा स्टिकर जोडण्यापूर्वीच वाचावा.

बंकही तपासणीतच येतो. तो किमान ७५ इंच लांब आणि २४ इंच रुंद असावा, आणि अचानक ब्रेक लागल्यास झोपलेला माणूस पुढे फेकला जाऊ नये म्हणून जाळी किंवा पट्टे असणे बंधनकारक आहे. ही जाळी बहुतेक ट्रकमध्ये गादीखाली धूळ खात पडलेली असते. जोडीने चालवणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी ती काढून लावून पाहावी, आणि गाडी चालू असताना ती लावल्याशिवाय झोपू नये. पुढच्या सीटवर बसणाऱ्या जोडीदाराला सीटबेल्ट सक्तीचा आहे.

आठवी पायरी: रस्त्यावर अडवले तर

वजनकाट्यावर किंवा रस्त्याच्या कडेला होणाऱ्या तपासणीचे स्तर ठरलेले आहेत. पहिल्या स्तराच्या तपासणीत ३७ टप्पे असतात आणि अधिकारी गाडीच्या खालीही जातो. दुसऱ्यात गाडीभोवती फिरून पाहणी होते. तिसऱ्यात फक्त चालक आणि त्याची कागदपत्रे पाहतात. पहिल्या स्तरात गंभीर दोष न निघाल्यास जास्तीत जास्त तीन महिने चालणारा स्टिकर मिळू शकतो.

अधिकारी झोपलेल्या चालकाचीही कागदपत्रे आणि नोंदी मागू शकतो. त्याला उठवावे लागले तर त्रागा करू नये. दोघांचे परवाने आणि वैद्यकीय पात्रतेची कागदपत्रे, गाडीची नोंदणी, विमा आणि मालाची बिले एका फाइलमध्ये हाताशी ठेवावीत. मागच्या ७ दिवसांच्या आणि चालू दिवसाच्या नोंदी दाखवाव्या लागतात; ईएलडीवरून त्या पाठवण्याचा सराव दोघांनीही एखाद्या रविवारी करून घ्यावा.

इंग्रजीची अट मराठी भाषकांनी गंभीरपणे घ्यावी. जनतेशी बोलणे, इंग्रजी फलक समजणे, अधिकाऱ्याच्या प्रश्नांना उत्तर देणे आणि नोंदी लिहिणे एवढे इंग्रजी येणे नियमाने पूर्वीपासूनच आवश्यक होते. २५ जून २०२५ पासून ते न येणाऱ्या चालकाला जागेवरच 'आउट ऑफ सर्व्हिस', म्हणजे सेवेबाहेर, करता येते. जोडीतल्या एकाचे इंग्रजी चांगले असेल तर तो दुसऱ्यासाठी दुभाषा होईल, या भरवशावर राहू नये. 'कुठून आलात, काय माल आहे, शेवटची विश्रांती कधी घेतलीत' या प्रश्नांची उत्तरे सरावाने सहज येतात.

तास संपल्यामुळे एका चालकाला सेवेबाहेर काढले आणि दुसऱ्याचे तास शिल्लक असतील, तर दुसरा गाडी पुढे नेऊ शकतो. जोडी असण्याचा हा खरा फायदा आहे. गाडीच सेवेबाहेर काढली तर मात्र दुरुस्ती होईपर्यंत कोणीही ती हलवू शकत नाही. तपासणीचा अहवाल २४ तासांच्या आत कंपनीकडे पोहोचवावा.

नववी पायरी: 'नाही' म्हणणे

तास शिल्लक असले तरी थकव्यामुळे किंवा आजारामुळे सावधपणे चालवता येत नसेल तर चालवू नये, असा स्वतंत्र नियम आहे. चालत्या गाडीत पहिले काही आठवडे नीट झोप लागत नाही. बंकवर दहा तास काढलेला माणूस कागदावर ताजातवाना असतो, प्रत्यक्षात त्याची तीनच तास झोप झालेली असू शकते. अशा वेळी जोडीदाराने त्याचे ऐकावे आणि गाडी लावावी. अनपेक्षित हिमवादळ किंवा रस्ता बंद झाल्यास चालवण्याच्या आणि चौदा तासांच्या मर्यादेत जास्तीत जास्त दोन तासांची वाढ मिळते, पण निघण्यापूर्वीच ज्याचा अंदाज माहीत होता त्या हवामानासाठी ती मागता येत नाही.

नियम मोडून गाडी चालव, नाहीतर पुढची फेरी मिळणार नाही, असा दबाव कंपनीने, दलालाने किंवा माल पाठवणाऱ्याने आणला तर ते नियमाविरुद्ध आहे. आपण गाडी चालवली तर कोणता नियम मोडेल, हे चालकाने त्याच वेळी स्पष्ट सांगावे, शक्यतो लेखी संदेशातून. असे संदेश, त्यांची तारीख आणि वेळ जपून ठेवावी, कारण तक्रार घटनेपासून ९० दिवसांच्या आत करावी लागते.